साडेतीन फेऱ्यांचा डिफरन्शियल

१

सकाळी दहाला डॉ. अनुराधा साठ्यांची लाल गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढली आणि सव्वादहाला मनोहर वाघाडे चोर ठरले.

वैजयंती देवपुजारींना हे कळलं तेव्हा अकरा वाजत आले होते. पिपलानीच्या वसाहतीला लागून असलेल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात त्या शब्दकोडं घेऊन बसल्या होत्या. कोडं केव्हाच सुटलं होतं. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. मोठ्या सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तिथे घडलेला प्रत्येक गिअर त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा आणि केसाच्या दहाव्या हिश्शाची चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता तपासायला भाजीवाल्याचा तराजू तेवढा उरला होता, आणि तो बिचारा त्यांना बघूनच दोन बटाटे जास्त टाकायचा.

शेजारची मंगला बेल न वाजवता आत आली. पायांत चप्पल तशीच होती.

"ताई, ह्यांना घरी पाठवलं. चोरी केली म्हणतात!"

मंगलाचे यजमान मनोहर गोविंदपुऱ्यातल्या सत्यजित मोघेंच्या गॅरेजात बावीस वर्षं मुख्य मेकॅनिक होते. वैजयंतीबाईंनी तिला पाणी दिलं, बसवलं आणि एकेक प्रश्न विचारत सगळं काढून घेतलं.

अनुराधाबाईंच्या परदेशी बनावटीच्या स्पोर्ट्स गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना जायची. त्यातला पुढचा डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा दातेरी चाकांचा डबा, झिजला होता. सत्यजितने बाहेरून आलेला, वापरलेला पण धडधाकट डिफरन्शियल मागवला आणि दोन आठवड्यांपूर्वी तो गाडीत बसवला गेला. निदान कागदावर तरी. आज गाडी पहिल्या तपासणीला आली, सत्यजितने खालून टॉर्च मारला, तर डब्यावर कोरलेला नंबर जुन्याचाच! नवा गायब. आणि डबा बसवला त्याच शनिवारी गॅरेजच्या पहारेकऱ्याने मनोहरांना स्कूटरवर जड पोतं नेताना पाहिलं होतं.

"पोत्यात काय होतं?"

"तेच तर सांगत नाहीत हो. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. सत्यजितने पाच वाजेपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर पोलिसांत तक्रार."

वैजयंतीबाईंनी कपाट उघडलं. भिंग पर्समध्ये टाकलं, चष्मा पुसला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

"मनोहरभाऊंना म्हणावं, जेवून घ्या. पाचला गॅरेजात या."

"आणि काही निघालं नाही तर?"

"दोनच डबे आहेत, मंगला," वैजयंतीबाई म्हणाल्या. "एक सापडलाय. दुसरा हवेत थोडाच विरघळणार आहे?"

२

"काकू, तुम्ही?" सत्यजित ओशाळला. त्याचे वडील वैजयंतीबाईंच्याच विभागात होते. त्याला त्यांनी शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं. "मला आनंद होतोय का हे करताना? पण डॉक्टरांना मी काय तोंड दाखवू?"

डॉक्टर तिथेच, घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. बावन्न वर्षांच्या, दातांच्या डॉक्टर. बिट्टन मार्केटजवळ दवाखाना. ही गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. येत्या रविवारी ती घेऊन त्या पचमढीच्या घाटात जाणार होत्या.

"मला एवढंच कळतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "की मला नवा सांगून जुना दिला. पेशंटला मी असं केलं तर?"

"बरोबर आहे. पण एक सांगा, गाडी कशी चालतेय?"

डॉक्टर थबकल्या. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "आधी चाळीसच्या पुढे गेलं की खालून घूंऽ घूंऽ आवाज यायचा. आता दोन आठवड्यांत साडेपाचशे किलोमीटर झाले. सीहोरला जाऊन आले, विदिशेला जाऊन आले. खरं सांगू? इतकी शांत ती कधीच नव्हती."

वैजयंतीबाई लिफ्टखाली गेल्या. सत्यजितने सकाळीच तेल काढून ट्रेमध्ये ठेवलं होतं. त्यांनी बोट बुडवून दोन बोटांमध्ये चोळलं. मग तेलाच्या बुचाला आतून असलेलं लोहचुंबक भिंगाखाली धरलं. झिजलेल्या डिफरन्शियलमध्ये त्यावर पोलादाचे कण आणि कपचे चिकटतात. इथे होता तो काजळीसारखा मऊ, राखाडी लेप. नव्याने जुळवलेले भाग एकमेकांशी ओळख करून घेताना सोडतात तेवढाच.

"सत्यजित, जुना डबा खराब होता हे नक्की?"

"मी स्वतः ऐकला होता काकू. बेअरिंग गेलेलं, आतल्या चकत्या झिजलेल्या. मनोहरकाकांनीच सांगितलं, याला बदलल्याशिवाय गत्यंतर नाही."

"म्हणजे चोराने चांगला डबा पळवला, झिजलेला परत बसवला, आणि जाता जाता तो इतका सुरेख दुरुस्त करून ठेवला की गाडी आधीपेक्षा चांगली चालायला लागली." त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "असा चोर मी तरी पाहिला नाही."

सत्यजितने ट्रेमधल्या तेलात स्वतःचं बोट बुडवून पाहिलं.

"नवा डबा आला केव्हा?"

"गुरुवारी, लाकडी पेटीत. कबाडखान्यातल्या भंगारवाल्या परागकडून. मी त्याच दिवशी चुलतबहिणीच्या लग्नाला नागपूरला गेलो. शनिवारी मनोहरकाका आणि विनिता यांनी बसवला. सोमवारी मी आलो तेव्हा पराग जुना घेऊन जात होता, त्याच पेटीत. जुना परत द्यायचा हे ठरलेलंच असतं आमचं."

"पेटी उघडून पाहिलीस?"

"खिळे ठोकलेले होते. काकू, कशाला पाहू?"

वैजयंतीबाईंनी मान वर केली आणि डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. मग भिंग घेऊन आणखी जवळून. झाकणाच्या प्रत्येक बोल्टवर बारीक पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढलेली होती.

"ही विनिता कोण?" त्यांनी विचारलं.

३

विनिता पौनीकर तेवीस वर्षांची होती. आयटीआय झालेली, दोन वर्षं या गॅरेजात. ती मागच्या शेडमध्ये एका जीपचा ब्रेक खोलून बसली होती, पण गेला तासभर तिने त्यातला एकही भाग हलवला नसावा.

"या पांढऱ्या रेघा तू मारतेस?"

"हो मॅडम. मोजून कसला की रेघ मारते. नंतर बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. मनोहर सर हातानेच कसतात, त्यांना लागत नाही. मला लागते."

"गाडीला डबा जोडायच्या बोल्टवर रेघा आहेत, ते समजलं. तू जोडलास. पण झाकणाच्या बोल्टवरही आहेत. तयार डबा आला होता ना? मग झाकण कुणी उघडलं होतं?"

विनिताने हातातला पाना खाली ठेवला.

"मॅडम, मी झूठ नाही बोलणार," ती शेवटी म्हणाली. "पण सच पण आत्ता नाही बोलू शकत. कसम दिलीय."

"मनोहरभाऊंनी?"

तिने मान खाली घातली. तिच्या नाकावरून एक थेंब ब्रेकच्या पत्र्यावर पडला. तिने तो घाईघाईने पुसला, ग्रीस पुसावं तसा.

वैजयंतीबाईंना कारखान्यातल्या कितीतरी पोरी आठवल्या. एखादा भाग बिघडला की रडणाऱ्या वेगळ्या आणि दुसऱ्याचं नाव येऊ नये म्हणून गप्प राहणाऱ्या वेगळ्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुमच्याकडे डायल गेज असेल ना? दातांमधली फट मोजायचं? जरा दे."

विनिताने फळीवरची निळी पेटी काढून दिली.

पेटीत गेज होतं. गेजखालच्या स्पंजमध्ये पोलादाची एक पातळ, चकाकणारी चकती होती, बांगडीएवढी. बेअरिंगशेजारी बसवून दातेरी चाकांमधलं अंतर जुळवायला अशा चकत्या लागतात. दोन-तीन जाडीच्या घासून आणायच्या, जी चपखल बसेल ती वापरायची, बाकीच्या उरतात. ही उरलेली होती. तिच्यावर विजेच्या पेन्सिलीने जाडी कोरली होती: २.३४. मराठी आकड्यांत.

वैजयंतीबाईंनी भिंग धरलं आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं. अख्ख्या कारखान्यात आकडे इंग्रजीत लिहायचा नियम होता आणि तो नियम न पाळणारा एकच माणूस होता. चारचा खालचा फास तो इतका गोल काढायचा की त्यावरून दोघांचं कितीदा भांडण झालं होतं.

त्यांनी बाहेर अंगणात येऊन फोन लावला.

"विजय? वैजयंती देवपुजारी बोलतेय. तुझा चार अजून तसाच आहे."

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती. ती थांबली.

"मॅडम," विजय इंगोले हळूच म्हणाले, "तुम्हाला तो सापडला कुठे?"

४

विजय इंगोले निवृत्तीनंतर शहराबाहेर, मंडीदीपच्या एका छोट्या कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर बसत. त्यांच्याशी दहा मिनिटं बोलल्यावर वैजयंतीबाईंना कळलं की मनोहरांचं पोतं कुठे गेलं होतं. पण का गेलं होतं, हे विजयनाही नीटसं ठाऊक नव्हतं. "मनोहर म्हणाला, पोरगी बरोबर आहे आणि आम्ही सगळे चूक आहोत, तू फक्त चकत्या घास," एवढंच त्यांना आठवत होतं.

पोरगी कशाबद्दल बरोबर होती?

त्या गॅरेजात परत आल्या आणि लाल गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. आतल्या भिंतीवर कंपनीची छोटी पट्टी होती, तिच्यावर बारीक आकडे. त्यांनी त्यातला एक वाचला आणि सत्यजितला विचारलं, "मागचा डिफरन्शियल या गाडीचा मूळचाच ना?"

"हो. त्याला हातही लावलेला नाही."

"या पट्टीवर चार पूर्णांक अकरा लिहिलंय. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा चारपेक्षा किंचित जास्त वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. पुढे आणि मागे दोन्हीकडे हाच हिशेब पाहिजे, बरोबर?"

"अर्थात," सत्यजित म्हणाला. "नाहीतर पुढची आणि मागची चाकं आपसांत भांडतील. दोन्हींना जोडणारा मधला क्लच जळून जाईल."

"किती दिवसांत?"

"दिवस कसले, शे-पन्नास किलोमीटर खूप झाले. आणि घाटात असेल तर..." तो बोलता बोलता थांबला. डॉक्टरही खुर्चीतून उठून जवळ आल्या होत्या.

"परागने पाठवलेल्या डब्याचा हिशेब तू तपासलास?"

"काकू, तो म्हणाला याच मॉडेलचा आहे. दहा वर्षं माल घेतोय त्याच्याकडून."

"त्याच्यावर माहितीची पट्टी होती?"

सत्यजितने आठवून पाहिलं. "नव्हती. वापरलेल्या मालावर बऱ्याचदा नसते."

"हं. आता मला एवढंच सांग. या गॅरेजात डबे किती होते?"

"दोन."

"जुना तर या गाडीत आहे. मग सोमवारी खिळे ठोकलेल्या पेटीतून परागने नेलं काय?"

"काहीतरी भंगार भरलं असेल मनोहरकाकांनी."

"भरलं असेल. मग दोन आठवडे परागने तक्रार का केली नाही?"

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

५

कबाडखान्याच्या गल्लीत दुकानांच्या बाहेर इंजिनं रचलेली असतात. वाट काढत वैजयंतीबाई परागच्या दुकानात शिरल्या. चाळिशीतला, गोलमटोल, तोंडाने गोड माणूस. मराठी आहेत, मोघेंच्या घरोब्यातल्या आहेत म्हटल्यावर त्याने त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली.

"सत्यजितभाईंच्या काकू! बोला ना."

"त्या लाल गाडीचा जुना डिफरन्शियल तुम्ही नेलात ना सोमवारी? त्याचं काय केलंत?"

"तो? तो तर त्याच दिवशी तोडला, मॅडम. एकदम खलास माल होता. ॲल्युमिनियम अलग, लोखंड अलग. माझ्या डोळ्यांसमोर."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"अहो, माझ्या हाताने पेटी खोलली."

आजच सकाळी ज्या डब्याखाली आपण उभ्या होतो तो परागच्या डोळ्यांसमोर तोडला गेला होता! वैजयंतीबाईंनी चेहरा जराही बदलू दिला नाही. त्यांनी सावकाश दुकानावरून नजर फिरवली. मागच्या रॅकवर, खालून दुसऱ्या फळीवर, ॲल्युमिनियमचा एक डबा होता. पुसून लख्ख केलेला. त्याच्या कुशीवर दोन बारीक भोकं होती आणि त्यांच्यामधला चौकोनी भाग बाकी डब्यापेक्षा उजळ दिसत होता. तिथली पट्टी कुणीतरी उचकटून काढली होती.

"तो काढून दाखवता?"

"तो... तो दुसऱ्या गाडीचा आहे."

"असू दे. मला फिरवून बघायचाय. खडू आहे?"

आता नाही म्हणणं अवघड होतं. परागने डबा टेबलावर ठेवला. वैजयंतीबाईंनी दांडा जोडायच्या तोंडावर खडूने एक खूण केली आणि चाकाच्या बाजूच्या तोंडावर दुसरी.

"ही डावी बाजू घट्ट धरा. हलू देऊ नका. एक बाजू धरली की दुसरी दुप्पट फिरते, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून उजवीचे दोन फेरे मोजायचे."

पराग बिचारा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. वैजयंतीबाई दांड्याचं तोंड फिरवू लागल्या आणि मोठ्याने मोजू लागल्या. "एक." उजवीकडची खूण खाली गेली. "दोन." वर येऊन पुन्हा निघाली. "तीन." परागच्या कपाळावर घाम आला होता. अजून अर्धा फेरा झाला आणि उजवीकडची खूण दुसऱ्यांदा जागेवर आली.

"साडेतीन," त्या म्हणाल्या. "त्या गाडीला चारच्या वर लागतात. पराग, हा डबा तुम्ही मोघेंना विकलात, सोमवारी तोच परत आणलात आणि आज तुम्हीच तो माझ्यासाठी धरून उभे आहात."

परागने हात सोडले आणि स्टुलावर बसला.

"कधीचा पडून होता," तो पुटपुटला. "वाटलं, बसेल. नाही बसला तर म्हणायचं, फिटिंग चुकलं. पेटी उघडली तर माझाच माल! मला वाटलं, देव पावला. चूप बसलो. मनोहरकाकांवर येईल असं मनात पण नव्हतं हो."

"डॉक्टर या दोन आठवड्यांत साडेपाचशे किलोमीटर फिरल्यात. हा गाडीत असता तर?"

त्याने डब्यावरचा खडू तळहाताने पुसला.

"पाच वाजता गॅरेजात सगळे जमतील," वैजयंतीबाई उठता उठता म्हणाल्या. "मी सांगितलं तर तो आरोप होईल. तुम्ही येऊन सांगितलंत तर कबुली होईल. दोन्हींत फरक आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

६

पाच वाजले तेव्हा गॅरेजात सगळे होते, एक पराग सोडून. सत्यजितच्या हातात तक्रारीचा कागद होता, पण त्याने तो दोनदा दुमडला होता. मनोहर भिंतीला टेकून उभे होते. मंगला त्यांच्या बाजूला, पदर खोचून, कुणाशीही भांडायच्या तयारीत. विनिता जीपजवळ. डॉक्टर आपल्या गाडीपाशी.

"मी सांगते ते चुकलं तर थांबवा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "गुरुवारी पेटी आली. विनिताने सवयीने डबा फिरवून पाहिला आणि तिचे फेरे जुळेनात. तिने मनोहरभाऊंना सांगितलं. ते काय म्हणाले, विनिता?"

विनिताने मनोहरांकडे पाहिलं. मग मनोहर स्वतःच बोलले.

"हसलो मी. म्हटलं, दोन वर्षांची पोर मला मोजायला शिकवते. मग जेवणाच्या सुट्टीत एकटाच गेलो, फिरवून पाहिला. साडेतीन. परत फिरवला. परत साडेतीन. चाळीस वर्षं हातात पाना धरतोय, त्या दिवशी लाज वाटली मला."

"आणि मग झिजलेला डबा तुम्ही दोघांनी उघडला."

"तो पण हिनेच उघडायला लावला. मी नुसता आवाज ऐकून बदला म्हटलं होतं. आत मोठे दात ठणठणीत होते! बेअरिंगं आणि चकत्याच गेलेल्या. बेअरिंगं इथे मिळाली. चकत्या कोण घासणार? म्हणून शनिवारी आतला माल पोत्यात घालून..." ते थांबले.

"मंडीदीपला," वैजयंतीबाईंनी वाक्य पुरं केलं. "विजयकडे. त्याने मालकांना न विचारता मशीन चालवलं. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून तुम्ही तोंड मिटलंत आणि या मुलीलाही शपथ घातलीत."

"त्याच्या घरी दोन आजारी माणसं आहेत, बाई. माझं काय, दोन वर्षं राहिलीत."

"मनोहरभाऊ, विजयने सोमवारीच मालकांना सगळं सांगितलं. मालक म्हणाले, सुट्टीच्या दिवशी मशीन गंजण्यापेक्षा बरं. तुम्ही फोन केला असतात तर दोन मिनिटांत कळलं असतं."

मनोहरांचा चेहरा असा झाला की मंगलालाही हसू फुटलं. "बघा! ह्यांना फोन करायला नको," ती म्हणाली.

"पण मला का नाही सांगितलं?" सत्यजितचा आवाज चढला. "मी काय परका होतो?"

"मी सांगितलं होतं, सर," विनिता पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "शुक्रवारी फोन केला. मागे बँड वाजत होता. मी म्हटलं, सर, ये मॅच नहीं होगा. तुम्ही म्हणालात, परागचा माल आहे, जो आलाय तो लावा, डोकं लावू नका. आज तपासणी झाल्यावर आम्ही सगळं सांगणारच होतो. नवा परत पाठवला, बिल दुरुस्त करा, असं. पण तुम्ही आधी नंबर पाहिलात आणि पोत्याचं नाव काढलंत. मग मनोहर सरांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं."

सत्यजितला तो बँड आठवला असावा. तो खाली बसला, तिथेच, तेलाच्या डब्यावर.

"मग या डब्याचं मी ऐकलं ते..." डॉक्टरांनी गाडीवर हात ठेवला. "मला फसवून बसवलेला जुना डबा हा माझा जीव वाचवणारा डबा होता?"

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. आतून आधी लाकडी पेटी उतरली आणि मग पराग. त्याने पेटी सत्यजितच्या पायाशी ठेवली. कुणी काही विचारायच्या आत तो बोलू लागला, आणि पट्टी कशाने उचकटली इथपासून सगळं सांगूनच थांबला. सांगताना तो सत्यजितकडे नाही, मनोहरांकडे बघत होता.

त्याचं बोलणं संपल्यावर सत्यजित उठला. हातातल्या कागदाचे त्याने तुकडे केले नाहीत, की नाटकी काही बोलला नाही. तो मनोहरांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, सकाळी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आताही सगळ्यांसमोरच सांगतो. चुकलो. तुमच्या बाबतीत आणि हिच्याही बाबतीत."

"माझं राहू दे," मनोहर म्हणाले. "हिचं ऐकत जा. मी पण आत्ताच शिकलोय."

डॉक्टर विनितापाशी आल्या. "मला साध्या भाषेत सांग. रविवारी मी घाटात जाऊ?"

विनिताने विचार केला. उगाच हो म्हणायची तिला सवय नव्हती. "जा, मॅडम. नवं तेल भरून देते. पण वर पोचल्यावर डबा किती तापलाय ते एकदा बघायला पाहिजे. हात लावून कळतं."

"मला कुठलं कळायला? तूच चल."

"आणि देवपुजारी मॅडम पण," विनिता घाईने म्हणाली आणि मग लाजली. "म्हणजे... मला विचारायचं होतं. गिअरच्या दातांवरच्या खुणा कशा वाचायच्या, ते तुम्ही मला शिकवाल? इथेच. आठवड्यातून दोन दिवस."

वैजयंतीबाईंनी गॅरेजभर नजर फिरवली. गळकं तेल, गंजलेल्या फळ्या, भिंतीवर लोंबणाऱ्या तारा.

"मोजमापाला एक सपाट दगडी टेबल लागेल," त्या सत्यजितला म्हणाल्या. "चांगला दिवा लागेल. आणि तो कोपरा आधी झाडून घ्या."

७

रविवारी पचमढीला चढताना मागच्या अरुंद सीटवर मनोहर पाय दुमडून बसले होते. मंगलाने बांधून दिलेला पोह्यांचा डबा त्यांच्या मांडीवर होता आणि सारे कान गाडीच्या पुढच्या बाजूला. वैजयंतीबाई त्यांच्या शेजारी कशाबशा मावल्या होत्या. पुढे डॉक्टर गाडी चालवत होत्या आणि प्रत्येक वळणाला त्यांच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं गळून पडत होती. चारही चाकं रस्त्याला धरून, एकमेकांशी न भांडता, गाडी वळणावळणाने वर चढत गेली.

वर पोचल्यावर डॉक्टरांनी साल वृक्षांच्या सावलीत गाडी उभी केली. इंजिन बंद झालं. विनिताने वर्तमानपत्र अंथरलं आणि सरपटत पुढच्या चाकांमागे शिरली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. मनोहर वाकून वाकून पाहत होते.

"काय गं?" त्यांना राहवेना.

"मॅडम," आतून आवाज आला, "तुम्हीच बघा ना."

त्रेसष्ट वर्षांच्या वैजयंती देवपुजारींनी पर्स डॉक्टरांच्या हातात दिली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि भर रस्त्यावर आडव्या झाल्या. शेजारून जाणारं एक सहलीचं कुटुंब बघतच राहिलं. विनिताने त्यांचा हात धरून डब्यावर टेकवला.

ॲल्युमिनियम कोमट होतं. अर्धा तास उन्हात ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्याएवढं, बस्स. वैजयंतीबाईंनी हात तसाच ठेवला, लगेच काढला नाही.

"किती असेल?" त्यांनी विचारलं.

"पन्नास?"

"पंचेचाळीस. पुढच्या खेपेला थर्मामीटर घेऊन येते, मग तूच ठरव कोण बरोबर ते," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि गाडीखालूनच ओरडल्या, "मनोहरभाऊ, पोहे उघडा!"